डब्याच्या नावानं शिमगा

माझ्या धाकट्या भावानं मे महिन्यात पोराचा क्रिएटिनचा डबा घंटागाडीत टाकला. अर्ध्याहून जास्त भरलेला. टाकताना अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "असलं इख माझ्या घरात नको!" मग आत आला, खिशातली गुडघेदुखीची गोळी काढली आणि चहाच्या घोटाबरोबर गिळली. ही गोळी तो अकरा वर्षं खातोय. पहिल्यांदा कुणी लिहून दिली ते त्याला आठवत नाही. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला त्याला लांबून बघितलं की पाकीट काढूनच ठेवतो.

मी तोंड उघडलं, तर म्हणे, "तू काय डाक्टर हाईस व्हय अक्का?"

नाही बाबा, डॉक्टर नाही. मी 34 वर्षं इथं कोल्हापुरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. माणसांपेक्षा त्यांचं रक्त, लघवी आणि थुंकी यांच्याशीच माझा जास्त संबंध आला, आणि याचं मला फारसं दुःख नाही. बाटलीतली लघवी स्वतःविषयी खोटं बोलत नाही. तिच्यावर लावलेल्या आकड्याचा अर्थ लावताना मात्र शिकलीसवरलेली माणसं काय काय थापा मारतात, ते मी जन्मभर काउंटरच्या आतून ऐकलं आहे.

झालं होतं असं. भाचा 24 वर्षांचा, वजन 82 किलो, सात महिने रोज पाच ग्रॅम क्रिएटिन घेत होता. नोकरीच्या मेडिकलसाठी रक्त दिलं. आदल्या रात्री तांबडा-पांढरा झाला होता, सकाळी जिममध्ये पायांचा व्यायाम झाला होता, आणि तिथून घामेजलेला तो तसाच लॅबमध्ये गेला. रिपोर्ट आला: सिरम क्रिएटिनिन 1.42. ठळक अक्षरात. शेजारी ई-जीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा हिशेबी अंदाज, 71, तोही ठळक. घरात रडारड. ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी पोराला काल काय जेवलास हे विचारलं नाही, व्यायाम करतोस का हेही विचारलं नाही. 'पावडर बंद, किडनीवाल्यांना दाखवा' असं लिहिलं. आणि पोरानं जाता जाता खांदा दुखतो म्हणून सांगितलं, तर त्याच कागदावर खाली वेदनाशामक गोळ्या, दिवसातून दोन, दहा दिवस! किडनीची काळजी वाटते म्हणून जी वस्तू थांबवली तिनं निरोगी किडनीला धक्का लागल्याचा पुरावा नाही, आणि जी वस्तू सुरू केली तिनं किडनीचा रक्तपुरवठा कमी होतो हे वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकात आहे. हे दोन्ही एका कागदावर, एका पेनानं. मी तो कागद जपून ठेवला आहे.

सगळा घोटाळा एका अक्षरातून सुरू होतो. क्रिएटिन आणि क्रिएटिनिन. एक माल आहे, दुसरा त्याचा कचरा. क्रिएटिन आपल्या शरीरात असतंच. सत्तर किलोच्या माणसात साधारण 120 ग्रॅम, त्यातलं 95 टक्के स्नायूंत. पैलवान ढाक मारतो तेव्हा पहिल्या आठ-दहा सेकंदांना जी ताकद लागते, तिचा साठा भरून देणारं हेच. शरीर रोज ग्रॅमभर स्वतः बनवतं, आणि गंमत बघा, ते बनवण्याची पहिली पायरी किडनीतच होते, दुसरी यकृतात. म्हणजे ज्या अवयवाला हे 'विष' चढणार तोच रोज त्याचा घाणा घालतो. या साठ्यातला दोनेक ग्रॅम माल रोज आपोआप मोडून क्रिएटिनिन होतो आणि लघवीवाटे जातो.

आता माल जास्त भरला, स्नायू जास्त असले, आदल्या रात्री मटण झोडलं, तर कचराही जास्त निघणार. घंटागाडीत आज कचरा जास्त दिसला म्हणून गाडी बिघडली असं आपण म्हणत नाही. शेजारच्या घरात कार्य असेल म्हणतो. रक्तातल्या क्रिएटिनिनच्या बाबतीत मात्र ही साधी अक्कल गहाण पडते.

आणि हा आकडा कसा काढतात हे माहीत आहे का? माक्स याफे नावाच्या माणसानं 1886 साली दाखवलं की पिक्रिक आम्ल आणि अल्कली यांच्यात क्रिएटिनिन मिसळलं की केशरी-तांबडा रंग येतो. त्या रंगाचा गडदपणा मोजायचा, की झाला आकडा. शंभर वर्षं उलटून गेली तरी असंख्य लॅब आजही हीच रीत वापरतात, कारण स्वस्त पडते. माझी निम्मी हयात त्या केशरी रंगात गेली. त्या रंगात साखर, कीटोन, प्रथिनं हे आगंतुकही आपापली पिचकारी मारून जातात. त्यातून आलेला आकडा वाईट नाही, उपयोगी आहे, पण तो इशारा आहे. आमच्या मशीनमध्ये 'ठळक' करायची सोय आली तेव्हापासून तो निकालपत्र झाला. मशीनला 1.3 च्या वर दिसलं की ती ठळक करते. तिला काय ठाऊक समोर पैलवान आहे की पोस्टमास्तर!

बरं, पुरावा काय म्हणतो? क्रिएटिनवर जेवढा अभ्यास झाला आहे तेवढा आपल्या घरातल्या निम्म्या काढ्यांवर, चूर्णांवर आणि 'लिव्हर टॉनिक'वर झालेला नाही. 1832 साली शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ते मांसातून वेगळं काढलं. (हा गृहस्थ 102 वर्षं जगला. क्रिएटिनमुळे नव्हे, पण कुणी अशी जाहिरात केली तर मला आश्चर्य वाटणार नाही.) लीबिखनं 1847 मध्ये सांगितलं की पाठलाग करून मारलेल्या रानटी कोल्ह्याच्या स्नायूत ते पाळीव कोल्ह्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतं, आणि पुढे 1865 साली त्याच्या नावानं मांसाचा अर्क विकणारी कंपनीही निघाली. म्हणजे धंदाही जुनाच. 1992 मध्ये रॉजर हॅरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तोंडावाटे घेतलेलं क्रिएटिन खरोखर स्नायूत जाऊन साठतं. तिथून आजचे डबे.

मग ही किडनीची भीती आली कुठून? 1998 साली लॅन्सेट या नियतकालिकात एका रुग्णाची हकीकत छापून आली. पंचविशीतला तरुण, क्रिएटिन घेतल्यावर किडनीचं काम मंदावलं, बंद केल्यावर सुधारलं. झालं, जगभर बोंब. त्या तरुणाला किडनीचा आजार आधीपासून होता आणि त्यासाठी तो सायक्लोस्पोरिनसारखं, स्वतःच किडनीवर भार टाकणारं औषध घेत होता, हे वाक्य मात्र बोंबेत कुणाला ऐकू गेलं नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर-डिसेंबर 1997 मध्ये, अमेरिकेत महिनाभरात तीन कॉलेज पैलवान मेले होते. तेव्हाही पहिलं बोट क्रिएटिनकडे गेलं. चौकशीत निघालं काय? रबरी सूट घालून, गरम खोलीत, पाणी तोडून वजन उतरवत होते. अंगातलं पाणी संपलं, ताप चढला, हृदय थांबलं. माझे वडील तालमीतले. वजनाच्या आदल्या दिवशी घोंगडी पांघरून उन्हात पळणारी पोरं मी लहानपणी डोळ्यांनी बघितली आहेत. त्या घोंगडीला कुणी विष म्हटलेलं मला आठवत नाही.

त्यानंतर लोक स्वस्थ बसले नाहीत. बेल्जियममध्ये पूर्ट्मान्स आणि फ्रँको यांनी 1999 मध्ये दहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत क्रिएटिन घेणाऱ्या खेळाडूंच्या किडन्या तपासल्या. बिघाड सापडला नाही. ब्राझीलमध्ये ग्वालानो आणि मंडळींनी तर एकच किडनी असलेल्या वीस वर्षांच्या तरुणाला आधी पाच दिवस वीस ग्रॅम आणि मग महिनाभर पाच ग्रॅम दिलं आणि किडनीचं गाळण थेट मोजलं, क्रिएटिनिनच्या भरवशावर न राहता. गाळण होतं तसंच राहिलं. एका माणसावरून नियम होत नाही, मान्य. पण अमेरिका आणि कॅनडातल्या पार्किन्सनच्या 1,741 रुग्णांचं काय करायचं? साठीच्या आसपासची, आधीच आजारी माणसं. त्यांतल्या निम्म्यांना रोज दहा ग्रॅम, म्हणजे माझ्या भाच्याच्या दुप्पट, वर्षानुवर्षं देत गेले. आजारावर काडीचा उपयोग झाला नाही म्हणून 2013 मध्ये प्रयोग थांबवला. अपाय झाला म्हणून थांबवला नाही. त्या निष्फळ औषधानं जाता जाता माझ्या भावाच्या प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलं आहे, फक्त ते व्हॉट्सअॅपवर आलेलं नाही.

केस जातात म्हणे. 2009 मध्ये दक्षिण आफ्रिकेत वीस रग्बी खेळाडूंच्या रक्तात डीएचटी नावाचं संप्रेरक वाढलेलं दिसलं. केस कुणी मोजलेच नव्हते! 2025 मध्ये इराणात बारा आठवडे केस आणि संप्रेरक दोन्ही मोजले, फरक नाही. टकलाचा वारसा वडिलांकडून आलेल्या पोरांनी डब्यावर खापर फोडू नये.

शाकाहारी मंडळींचा घोर वेगळाच. हे मांसातून काढतात ना? नाही हो. कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइडपासून बनवतात, कुठल्याही जनावराचा संबंध नाही. उलट मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंत साठा मुळात कमी असल्यानं त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. आणि मांस खाणाऱ्यांनी तर बोलूच नये. कच्च्या लाल मांसात किलोमागे चार-पाच ग्रॅम क्रिएटिन असतं. आमच्याकडे रविवारी अर्धा किलो मटण एकट्यानं संपवून, रश्श्याची वाटी तोंडाला लावून, "ते क्रिएटिन लई वाईट" म्हणणारी माणसं आहेत. त्यांच्या पोटात त्या क्षणी तेच शिजून पडलेलं असतं.

इथवर वाचून जिमवाल्यांनी माझा सत्कार ठेवू नये. त्यांची पाळी आता.

ट्रेनर नावाची जी जमात आहे, तिला पाच ग्रॅम पुरेसे वाटत नाहीत. पहिल्या आठवड्यात वीस ग्रॅम 'लोड' करायचं म्हणे. करा, साठा लवकर भरतो, पण रोज तीन ते पाच ग्रॅम घेतलं तरी महिनाभरात तिथंच पोचता. मधल्या काळात लोडिंगवाला संडासच्या फेऱ्या मारतो, कारण एका वेळी दहा ग्रॅम पोटात गेले की अनेकांना जुलाब होतात. पहिल्या आठवड्यात वजन किलो-दीड किलोनं वाढतं. ते बहुतेक पाणी असतं. ट्रेनर त्याला 'मसल' म्हणतो आणि पुढच्या महिन्याची फी घेतो. मग साधं मोनोहायड्रेट जुनं झालं म्हणून हायड्रोक्लोराइड, 'बफर्ड', गमी, चॉकलेटच्या चवीचं. साध्यापेक्षा ही सोंगं सरस असल्याचा धड पुरावा नाही, किंमत मात्र सरस आहे. आणि हे सगळं करून मिळतं काय? वजन उचलणाऱ्याला दोन-चार आवर्तनं जास्त मारता येतात, त्यातून हळूहळू ताकद वाढते. सोफ्यावर बसून पावडर खाणाऱ्याचा सोफाच मजबूत लागतो.

डब्यावर काय छापलंय आणि डब्यात काय आहे, हा तर स्वतंत्र तमाशा. 2024 मध्ये केरळच्या डॉक्टरांनी भारतात खपणाऱ्या 36 प्रोटीन पावडरी तपासून निष्कर्ष छापले. सुमारे 70 टक्क्यांवर लिहिलेलं प्रथिनाचं प्रमाण खरं नव्हतं, काहींत निम्मंच होतं. साधारण 14 टक्क्यांत बुरशीचं अफ्लाटॉक्सिन, 8 टक्क्यांत कीटकनाशकाचे अंश. क्रिएटिनचे डबे त्याच फळीवर, त्याच दुकानात, तेच लोक विकतात. त्यांना तेवढं सोवळं कुठून आलं असेल? शुद्ध क्रिएटिन सुरक्षित आहे हे वाक्य मी छातीवर हात ठेवून म्हणेन. 'प्री-वर्कआउट' म्हणून सात-आठ उत्तेजकांची भेळ करून त्यात चिमूटभर क्रिएटिन टाकलेल्या डब्याबद्दल मी हात खिशात घालीन.

आणि ज्याच्याविषयी बोंब मारायला हवी ते तर आमच्या डोळ्यांदेखत चाललंय. शस्त्रक्रियेच्या टेबलावर घसरलेला रक्तदाब वर आणायला जे मेफेंटरमाइन वापरतात, त्याच्या बाटल्या जिमच्या पोरांना विकणाऱ्या टोळ्या पुण्यात पोलिसांनी पुन्हा पुन्हा पकडल्या आहेत. तालीम असो वा जिम, 'टर्मिन' म्हटलं की पोरांना कळतं. स्टेरॉइडची गोष्ट तर त्याहून जुनी. एकीकडे हृदयाला चाबूक मारणारं इंजेक्शन, दुसरीकडे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत कधीही नसलेली पांढरी पावडर. आणि बापलोक पावडरीचा डबा हुडकून घंटागाडीत टाकतात, कारण डबा मोठा असतो, कपाटात दिसतो. इंजेक्शनची बाटली मोज्यात मावते.

किडनीच जपायची असेल तर तिचे वैरी घरोघर आहेत. वाढलेली साखर. वाढलेला रक्तदाब. दुखण्याच्या गोळ्या. वजनाला भारी पण कागदाला हलकी अशी भस्मं. मलप्पुरमला आणि आपल्या अकोल्याला किडनीचे रुग्ण सापडले ते गोरं करणाऱ्या क्रीममधल्या पाऱ्यामुळे. क्रीमच्या ट्यूबा कुणी घंटागाडीत टाकल्याचं ऐकिवात नाही. लग्नसराई होती ना.

आता त्या एका शब्दाविषयी, ज्यावर सगळे घसरतात. क्रिएटिन 'निरोगी' प्रौढांना सुरक्षित आहे. हे मी लिहिलं, शास्त्रज्ञही लिहितात, डब्याच्या मागेही बारीक अक्षरात असतं. पण निरोगी कोण हे ठरवलं कुणी? आयसीएमआरच्या 2023 च्या अहवालानुसार देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही. त्यातल्या कित्येकांना स्वतःला ठाऊक नाही. आपल्याकडे निरोगी म्हणजे ज्यानं अजून तपासून घेतलेलं नाही तो. ज्याला किडनीचा आजार आहे, ज्याची किडनी बदललेली आहे, जो किडनीवर भार टाकणारी औषधं घेतो, त्यानं या डब्याला हात लावू नये. गरोदर बायकांवर आणि लहान पोरांवर पुरेसा अभ्यास झालेला नाही, त्यांनी थांबावं. बाकीच्यांनी डबा आणण्याआधी एकदा रक्तदाब बघावा, साखर बघावी, क्रिएटिनिन बघावं आणि लघवीतून निसटणारं अल्ब्युमिन हे प्रथिन बघावं. हे शेवटचं 'फुल बॉडी चेकअप'च्या बऱ्याच पॅकेजांत नसतं. मी ती पॅकेजं काउंटरवर विकली आहेत, मला कुणी शिकवू नये. त्यात साठ चाचण्या असायच्या आणि कामाची एक नसायची.

भाच्याला मी आठ दिवस पावडर बंद ठेवायला लावलं. व्यायाम नाही, मटण नाही, खांद्याच्या गोळ्या तर नाहीतच. मग जुन्या लॅबमधल्या पोरीकडून पुन्हा रक्त तपासून घेतलं. क्रिएटिनिन 1.18. सोबत सिस्टाटिन सी, जे स्नायूंच्या आकारावर फारसं अवलंबून नसतं, ते 0.82. लघवीत अल्ब्युमिन जवळजवळ नाहीच. पोराच्या किडन्या खणखणीत.

तीच पोरगी म्हणाली, "ताई, दोन बाटल्या आणल्यात, दुसरी कुणाची?"

दुसरी माझ्या भावाची होती. सकाळची पहिली लघवी, 'पोराच्या रिपोर्टाबरोबर ताडून बघायचंय' असं काहीबाही सांगून घेतलेली. वय 57, नऊ वर्षांची साखर, औषध आठवण झाली तर. त्याच निमित्तानं रक्तही घेतलं होतं. त्याचं क्रिएटिनिन 1.1. बारीक अक्षरात, कुणाच्या नजरेत न भरणारं. का भरावं? एके काळच्या पैलवानाच्या मांड्या आता काठ्या झाल्यात. मालच कमी, तर कचरा कुठून येणार? आणि लघवीतलं अल्ब्युमिन क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे 30 मिलिग्रॅमच्या खाली हवं, ते 212.

मी दोन्ही रिपोर्ट त्याच्यासमोर ठेवले. पोराचा त्यानं दोनदा वाचला. स्वतःचा उलटा करून ठेवला.

"माझा कशाला केलास गं? मी कुठं डबा खाल्लाय?"

मी भांडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून थेट कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेले आणि सांगितलं की माझ्या भावाला ती गोळी पुन्हा द्यायची नाही. तो बिचारा पोरगा ओशाळून हसला.

"मावशी, दादा आत्ताच येऊन गेले. दोन पाकिटं नेली. म्हणाले, बहीण बंद करायला लावणार हाय."